निवड झालेले अकरा

शाळेत एखादं नवं काम आलं की ते कुणाच्या गळ्यात पडणार, हे स्टाफरूममध्ये आधीच ठरलेलं असतं. चित्रकलेच्या बाईंचं अक्षर सुंदर, म्हणून फलकलेखन त्यांचं. विज्ञानाच्या सरांकडे स्कूटर, म्हणून बाहेरची सगळी कामं त्यांची. माझ्याकडे वीसेक वर्षं मराठी शिकवण्यापलीकडे काही नव्हतं, त्यामुळे मी निवांत होते. पण त्या जूनमध्ये मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सभेत एक कागद वाचून दाखवला. मुलांमधला लठ्ठपणा वाढतो आहे, तेव्हा शाळेने त्यावर वर्षभर एक उपक्रम चालवावा, अशी संस्थेची इच्छा होती. "कोण घेईल?" असं विचारून त्यांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी तेव्हा शिऱ्याचा तिसरा चमचा तोंडात घालत होते. कुणाचा तरी वाढदिवस होता.

"बाईंना विषयाचा अनुभव आहे," क्रीडाशिक्षक म्हणाले. हा माणूस इतका बारीक, की गळ्यात शिट्टी घातली की थोडा पुढे झुकल्यासारखा दिसतो. मला राग आला. मला राग पटकन येतो, आणि राग आला की मी नको त्या गोष्टीला हो म्हणून बसते. लग्नसुद्धा मी असंच केलं. "घेते," मी म्हटलं, "पण माझ्या पद्धतीने."

माझी पद्धत काय असणार, ते मला अजिबात ठाऊक नव्हतं. काय करायचं नाही, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं.

माझं लहानपण कल्याणजवळ विठ्ठलवाडीला गेलं. चौथीत असताना आमच्या वर्गाची आरोग्य तपासणी झाली. गुरुजींनी कुठून तरी वजनकाटा आणला होता. एकेकाने त्यावर उभं राहायचं, गुरुजींनी आकडा मोठ्याने सांगायचा आणि मॉनिटरने तो नावापुढे फळ्यावर लिहायचा. माझी पाळी आली तेव्हा गुरुजी आकडा सांगेचनात. वाकून वाकून बघत राहिले. मग मला म्हणाले, "जरा उतर गं, काटा बिघडलाय वाटतं," आणि स्वतः त्यावर उभं राहून त्यांनी खात्री करून घेतली. काटा चांगला होता. मग त्यांनी माझा आकडा सांगितला. वर्ग हसला, गुरुजीही हसले. मधल्या सुट्टीत तो आकडा पुसून टाकायचा मी खूप प्रयत्न केला, पण माझा हात तिथवर पोचत नव्हता. त्या दिवसापासून दहावीपर्यंत माझं नाव 'क्विंटल' होतं. आजही कल्याणच्या बाजारात मागून कुणी 'ए क्विंटल' म्हटलं, तर मी भाजी तशीच टाकून वळून बघेन.

तेव्हा माझी अट मी मोठ्या बाईंना सरळच सांगितली. या उपक्रमात जी मुलं येतील, त्यातल्या एकाच्याही कानावर 'जाडा', 'लठ्ठ', 'स्थूल' यातला एकही शब्द शाळेत पडता कामा नये. ज्या दिवशी पडेल, त्या दिवशी मी काम सोडेन आणि दोन-चार लोकांना ऐकवूनही सोडेन. मोठ्या बाई हो म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना दुसऱ्या वाक्याची जास्त काळजी वाटली.

संस्थेने लहान मुलांची एक डॉक्टर दिली होती. तरुण मुलगी, पण डोकं ठिकाणावर असलेली. ती म्हणाली, "बाई, यांची वजनं उतरवायच्या मागे लागू नका. वाढती मुलं आहेत, उंची वाढली की बरंच जागेवर येतं. त्यांना रोज हलतं ठेवा. बाटलीतलं गोड पाणी बंद करा. रात्री वेळेवर झोपू द्या. आणि चिडवू मात्र कुणी नका, चिडवलेलं मूल जास्त खातं."

"ते मला सांगू नका," मी म्हटलं.

पाचवी ते सातवीच्या सगळ्याच मुलांची वजनं घ्यायची ठरली, म्हणजे कुणाला संशय नको. वाचनालयात दोन कपाटांच्या मागे मी काटा ठेवला, त्याचा आकडा फक्त मला दिसेल असा. एकेका मुलाला आत घेतलं, तोंडातून चकार शब्द न काढता वहीत लिहिलं, आणि बाहेर जाताना प्रत्येकाला "छान!" म्हटलं. डॉक्टरने वही तपासून अकरा नावांवर खूण केली.

इथपर्यंत सगळं बरोबर झालं. मग मी घोळ घातला.

आमच्या मोठ्या बाईंचा नियम असा, की जे फलकावर नाही ते शाळेत नाही. उपक्रम कुठलाही असो, नावांची यादी लागलीच पाहिजे. आता यादीला मथळा काय द्यायचा? दोन तास मी कागद पुढे घेऊन बसले होते. शेवटी मला वाटलं, सभ्यशा सरकारी भाषेइतकी लपायला चांगली जागा दुसरी नाही. मी लिहिलं, 'विशेष शारीरिक उपक्रमासाठी निवड झालेले विद्यार्थी'. खाली अकरा नावं. त्याखाली पालकसभेची तारीख आणि माझी सही.

वीस वर्षं डोंबिवलीत शिकवणाऱ्या बाईने हे करावं? ज्या गावात बालवाडीच्या मुलालाही दोन क्लास असतात, तिथे फलकावर 'निवड' हा शब्द लिहायचा म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधीच गेटवर पालक उभे होते. निवड झालेल्यांचे नव्हेत. निवड न झालेल्यांचे.

"माझ्या मुलीचं नाव का नाही?" एका आईने विचारलं. तिची मुलगी वाऱ्याने हलेल अशी. "ती पहिलीपासून कुठल्याच यादीतून राहिली नाहीये, बाई. काय कमी पडलं, तेवढं सांगा."

काय कमी पडलं ते मला सांगता येत नव्हतं.

वागळे इस्टेटमध्ये नोकरी करणारे एक वडील चक्क अर्ज लिहून घेऊन आले होते. त्यांना फेरतपासणी हवी होती. मी म्हटलं, फेरतपासणी होत नसते. तर म्हणाले, "मग वेटिंग लिस्ट असेल ना?" एका आजोबांनी, अगदी शुद्ध आणि शांत मराठीत, निवड समितीत कोण कोण होतं याची चौकशी केली. मी म्हटलं, मी एकटीच. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. आठवडाभरात स्टेशनकडच्या एका क्लासवाल्याने खाली पाटी लावली, 'शालेय शारीरिक निवडीची पूर्वतयारी करून घेतली जाईल.' कशाची तयारी, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. तरी बॅच भरली.

इकडे निवड झालेल्यांच्या घरी वेगळंच चाललं होतं. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलावर पेढ्यांचे चार पुडे आले. लठ्ठपणा रोखायच्या उपक्रमाची सुरुवात अख्ख्या शाळेने पेढे खाऊन केली. मीही दोन खाल्ले. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

त्या अकरांतला सगळ्यात मोठा ऐवज म्हणजे सहावीतला एक मुलगा. कोपरचा. कोपर म्हणजे डोंबिवलीला लागून असलेलं गाव, आणि त्याचं घराणं तिथलं फार जुनं. आज्याच्या काळात शेती होती, आता त्या जमिनीवर बिल्डिंगी आहेत आणि त्यातली एक यांची स्वतःची. पोरगा गोरागोमटा, गुबगुबीत, आणि वर्गात तोंडातून शब्द न काढणारा. प्रश्न विचारला की बाकावरून उठायचा, उठताना बाक हलायचा, बाक हलला की मागची पोरं हसायची, आणि उत्तर येत असूनही तो पुन्हा खाली बसायचा. त्याला पाहिलं की मला फळ्यावरचा तो आकडा आठवायचा. उपक्रम कुणासाठी करायचा, असं मला कुणी विचारलं असतं, तर मी त्याच्याकडे बोट दाखवलं असतं.

त्याला एक काका होता. त्या भागात असे काका घरटी एक असतात. वाढदिवस असो, दहावीचा निकाल असो, नवी गाडी असो, यांचा फ्लेक्स नाक्यावर लागलाच म्हणून समजा. पुतण्याचं वजन घेतलं आणि मग निवड झाली, एवढं ऐकल्यावर काकाने ताडलं, की ही कबड्डीच. वजनगट त्याशिवाय कशाला बघतात? तिसऱ्या दिवशी मी कोपरच्या नाक्यावरून येत होते, तर समोर भलामोठा फ्लेक्स. मध्ये पुतण्या, हाताची घडी घालून. त्याच्या दुप्पट मोठा काका, गॉगल लावून, कानाला मोबाईल. वर लिहिलेलं, 'निवड झालेल्या अकरा खेळाडूंचे हार्दिक अभिनंदन!' आणि खाली शाळेच्या फलकावरून उतरवून घेतलेली अकराच्या अकरा नावं, नंबर घालून.

मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसले. दुकानदाराने पाणी दिलं.

पालकसभेत आता खरं सांगणं भाग होतं, कारण पालकांना अंधारात ठेवून हे काम होण्यासारखं नव्हतं. डॉक्टरने फार चांगल्या शब्दांत सगळं सांगितलं. घरात कुणा एकालाच पथ्य लावू नका, सगळ्यांनी मिळून बदला. जेवताना टीव्ही नको. बक्षीस म्हणून खाऊ नको. आणि मुलाला नावं ठेवू नका. ती बोलत होती आणि समोरचे चेहरे हळूहळू उतरत होते. सभा संपल्यावर कुणी उठेचना. मग एका आईने हळूच विचारलं, "म्हणजे निवड… याच्यासाठी?"

मी मान हलवली. आता हे लोक मला उचलून गाडीखाली टाकणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात शेवटच्या रांगेतून कोपरच्या मुलाची आजी उठली. काष्टा, कपाळावर मोठं कुंकू, आवाज असा की माईकची गरज नाही. "बाय," ती मला म्हणाली, "माजा नातू जाडा हाय, ह्ये मना ठाव हाय. त्याला डाक्तर कशाला लागतो? पन आता पेढे वाटून झाले. फ्लेक लागला. सगले गावाला सांगून झाला. आता लोकांना कं सांगू?"

सगळ्यांचं तेच दुखणं होतं. सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनं घेऊन झाली होती. एका वडिलांनी ऑफिसात पार्टी दिली होती. एका कुटुंबाने गावाकडे फोन केले होते. आता माघार घेणं कुणालाच शक्य नव्हतं. दहा मिनिटांच्या कुजबुजीनंतर अकराही घरांनी एकमताने ठरवलं, की निवड ती निवड. बाहेर कुणी काही बोलायचं नाही आणि मुलांना तर मुळीच कळू द्यायचं नाही. मला जे मुलांच्या भल्यासाठी हवं होतं, ते त्यांनी स्वतःच्या अब्रूसाठी केलं. मला चाललं. हेतू बघत बसायला मला वेळ नव्हता.

आता खरोखरचा उपक्रम सुरू करायचा होता. क्रीडाशिक्षकांनी मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. पहिल्याच दिवशी अख्खी शाळा खिडक्यांत जमली. मुलं धावत होती आणि वरून कुणीतरी मोजत होतं, आणि कुणाची धाप किती मोठी, यावरून हसणं चाललं होतं. कोपरचा तिसऱ्या फेरीला थांबला आणि चपलेचा बंद नीट करायला बसला तो उठेचना. मी शिट्टी हिसकावून घेतली आणि फेऱ्या कायमच्या बंद केल्या.

शाळेच्या भांडारात जुन्या लेझमी पडून होत्या. शिपाईमामांना सांगून त्या मी पुसून घेतल्या. लेझमीत वाकणं आहे, बसणं आहे, उडी आहे, गिरकी आहे, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आवाज आहे. लेझमीच्या आवाजात कुणाची धाप ऐकू येत नाही. मीही त्यांच्यासमोर उभी राहून करायची, कारण मी शाळेत लेझीम खेळलेली. पहिल्या दिवशी बसता पवित्रा करताना मी खाली बसले आणि मला दोन मुलींनी मिळून उठवलं. कुणी हसलं नाही. उठल्यावर मीच हसले, मग सगळे हसले, आणि कोपरच्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मधल्या सुट्टीत मी त्यांच्यात बसून डबा खायला लागले. मी कुणाचा डबा तपासला नाही. फक्त माझा उघडून ठेवायचे. पहिल्या आठवड्यात चतुर्थी आली आणि माझ्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बाजूला तळलेला पापड. चष्मा लावणारी एक पाचवीतली मुलगी म्हणाली, "बाई, हा उपास आहे की लग्न?" तेव्हापासून मला माझा डबा सुधारावा लागला. कोपरच्याच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि भाजी असायची. ती आजी द्यायची आणि ती उत्तमच होती. घोळ शाळा सुटल्यावरच्या वेफर्सचा होता, ती पाकिटं काका द्यायचा. आजीला मी एवढंच सांगितलं. पुढच्या सोमवारी काका मला गेटवर भेटला आणि म्हणाला, "मॅडम, आईने माझे पण बंद केलेत." त्याचा चेहरा बघून मला वाईट वाटलं.

रविवारी ही मुलं आपणहून कोपरच्याच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली सराव करायला लागली. मला बोलवायची. मी एकदाच गेले. लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यावर मी जी थांबले, ती तिथूनच आवाज ऐकून, "वा, छान!" असं ओरडून परत आले.

एकाच गोष्टीवरून माझी त्यांच्याशी रोज कटकट व्हायची. अकरा जणं चार-चारच्या ओळी करायची, आणि मागच्या ओळीत तिघंच. त्या तिघांत मधली एक जागा मोकळी राहायची. मी ओरडायचे, "जागा भरून घ्या रे! दात पडल्यासारखं दिसतंय!" तेवढ्यापुरती सरकायची आणि पुन्हा ती फट तिथेच. "असू दे ना बाई," म्हणायची. मी नाद सोडला.

बाहेरचा गोंधळ मात्र संपायचं नाव घेत नव्हता. निवडीआधी वजन घेतलं होतं, ही बातमी पसरली होती, आणि आतली गोष्ट त्या अकरा घरांनी जिवापाड लपवली होती. त्यामुळे बाकीच्यांनी आपापला अर्थ लावला. दिवाळीनंतर एक आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "बाई, खरं सांगा. पुढच्या वर्षीच्या निवडीला किती वजन लागतं?" माझ्या उत्तराची वाट न बघता ती पुढे म्हणाली, "मी त्याला रोज दोन डिंकाचे लाडू आणि झोपताना तुपातली खीर सुरू केलीये. दोन किलो वाढलाय. होईल ना?"

माझ्या उपक्रमामुळे डोंबिवलीतली मुलं जाडी व्हायला लागली होती. हे मी डॉक्टरला फोनवर सांगितलं, तर तिला हसू आवरेना. मला रडू येत होतं. मोठ्या बाईंनी मग एक परिपत्रक काढलं, की पुढच्या वर्षी या उपक्रमाला निवड नाही, येईल त्याला प्रवेश. लाडू बंद झाले. क्लासवाल्याने पाटी बदलली.

फेब्रुवारीत डॉक्टर पुन्हा आली. तिने माझी वही पाहिली. काहींचं वजन तेवढंच होतं पण उंची वाढली होती, दोघांचं थोडं उतरलं होतं, एकाचं वाढलं होतं, तरी ती खूश होती. आकडे सोडा. कोपरचा आधी तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना दुसऱ्यावर थांबून सूचनाफलक वाचायचा. ते फलक त्याला पाठ झाले होते. आता तो थांबत नव्हता. आणि वर्गात उठून उत्तर द्यायला लागला होता, बाक हलला तरी. मला तेवढं पुरे होतं. मी मनातल्या मनात स्वतःला शाबासकी दिली. वर्ष संपत आलं होतं आणि एकाही मुलाच्या कानावर तो शब्द पडला नव्हता.

मग पाडव्याच्या शोभायात्रेत आमचं लेझीम पथक न्यायचं ठरलं. अकरा घरांत फेटे, नऊवाऱ्या, कुर्ते यांची धांदल उडाली. मी पायाला साधे बूट आणि खांद्यावर पाण्याच्या बाटल्यांची पिशवी, एवढीच तयारी केली. मी कडेने फुटपाथवरून चालणार होते. माझ्या आकाराच्या बाईने भररस्त्यात नाचायचं नसतं, हे मला चौथीपासून ठाऊक आहे.

पाडव्याच्या सकाळी आम्ही सगळे शाळेच्या अंगणात जमलो. मुलं फेटे बांधून घेत होती. तेवढ्यात शिपाईमामांनी एक गुंडाळी आणून दिली. "विश्वस्तसाहेबांनी पाठवलाय. पथकाच्या पुढे धरायचाय म्हणाले."

मी तो फ्लेक्स अर्धा उलगडला. आधी विश्वस्तांचा हात जोडलेला फोटो आला. मग अक्षरं आली. हातभर मोठी, लाल रंगात.

'लठ्ठपणामुक्त शाळा अभियान. आमचे बालस्थूल विद्यार्थी.'

वर्षभर एवढी राखलेली गोष्ट, आणि आता हे माझ्या मुलांच्या डोक्यावर धरून अख्ख्या गावातून मिरवायचं? दोन्ही बाजूंनी माणसं उभी असणार, मोबाईल धरून. मी मोठ्या बाईंकडे धावले. त्यांनी वाचलं आणि त्यांचाही चेहरा पडला. "उलटा धरला तर?" त्या म्हणाल्या. "खालचा भाग दुमडला तर?" मी म्हटलं. आम्ही दोघी बायका पाडव्याच्या साड्या नेसून जमिनीवर बसून तो फ्लेक्स दुमडत होतो. पण कसाही दुमडला तरी एक तर 'लठ्ठ' राहायचा, नाहीतर विश्वस्तांचं डोकं जायचं.

मान वर केली तर समोर कोपरचा उभा. फेटा बांधलेला, हातात लेझीम. त्याने वाचलं होतं. त्याच्यामागे बाकीचे दहाही येऊन उभे राहिले होते आणि तेही वाचत होते.

मी फ्लेक्सवर आडवी पडायचीच बाकी होते.

"बाई," तो म्हणाला, "आम्हाला माहितीये."

"काय माहितीये?"

"वजन घेतलं आणि मग आम्हालाच निवडलं ना. फलकावर नावं बघितली तेव्हाच कळलेलं. कबड्डीला त्या चष्मेवालीला कोण घेईल?"

"एऽ," चष्मेवाली म्हणाली.

"मग वर्षभर बोलला का नाहीत रे?"

"आजी पेढे वाटत होती. आणि तुम्ही ते इतकं लपवत होता… आम्ही बोललो असतो तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

मला या वेळी राग अजिबात आला नाही.

"हा नको," तो फ्लेक्सकडे बघून म्हणाला. "आपला आहे ना. काकाला बोलावतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत त्याने शिपाईमामांच्या फोनवरून काकाला कामाला लावलं. वीस मिनिटांत काका मोटारसायकलवरून आला. काखेत तोच जुलैमधला फ्लेक्स. पालिकेने तो पंधरा दिवसांत नाक्यावरून उतरवला, तेव्हा काका त्याला घरी घेऊन गेला होता. तेव्हापासून आजी त्यावर गच्चीत सुकट वाळवत होती. उलगडल्याबरोबर अंगणात असा वास सुटला की मोठ्या बाईंनी पदर नाकाला लावला. पण त्या काही बोलल्या नाहीत. त्यांनी विश्वस्तांचा फ्लेक्स शांतपणे उचलला आणि देखाव्याच्या टेम्पोत छोट्या मुलांना बसायला अंथरला, फोटो खाली करून. पुढे विश्वस्तांनी विचारलं, माझा फ्लेक्स कुठाय, तर म्हणाल्या, "सगळ्यात पुढच्या गाडीत आहे, सर." यात खोटं काहीच नव्हतं.

दुसऱ्या वर्गातल्या दोन मुलांनी आमचा फ्लेक्स धरला. उन्हाने काकाचा गॉगल पांढरा पडला होता, पण नावं वाचता येत होती. एक ते अकरा. मी सवयीने नावं तपासत खाली आले, आणि अकराव्या नावाखाली मार्करने हाताने लिहिलेली आणखी एक ओळ दिसली.

'१२. बाई.'

शाई बरीच उडून गेलेली. काल-परवा लिहिलेलं नव्हतं.

"हे कधी लिहिलं?" मी विचारलं.

"काकाने फ्लेक्स घरी आणला त्याच रविवारी," कोपरचा म्हणाला. "तुम्ही गच्चीवर आलाच नाहीत, नाहीतर बघितलं असतं." मग एखादं सोपं गणित समजावून सांगावं तसं म्हणाला, "तुमचं पण वजन घेतलं असतं, तर तुमची पण निवड झाली असती ना, बाई."

ताशा वाजायला लागला. मुलं ओळी करून उभी राहिली. चार, चार, आणि मागे तीन. मधली जागा मोकळी. ती अकराही जणं मान वळवून माझ्याकडे बघत होती.

मी पाण्याच्या बाटल्यांची पिशवी क्रीडाशिक्षकांच्या खांद्याला अडकवली. ते थोडे झुकले. मग मी पदर खोचला, टेम्पोतली एक लेझीम उचलली आणि माझ्या जागेवर जाऊन उभी राहिले.